मोठे आक्रमक सिक्लिड: नर-मादी कशी ओळखायची आणि टाकीत कसं ठेवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर, रेड डेव्हिल, जग्वार, ग्रीन टेरर, टेक्सास: हे सगळे सिक्लिड नावाच्या माशांच्या कुळातले. हे मासे दुकानात दोन इंचांचे असतात तेव्हा फार गोड दिसतात, आणि वर्षभरात घरातली सगळी समीकरणं बदलून टाकतात. "हा नर आहे की मादी?" असं विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात खरा प्रश्न पुढचा असतो: "याच्यासोबत दुसरा सोडू का?" त्यामुळे ओळख आणि टाकी या दोन्ही गोष्टी इथे एकत्रच घेतल्या आहेत.

या माशांत नर-मादी ओळखणं इतकं अवघड का असतं?

गप्पीचा नर लांबूनही ओळखू येतो, कारण त्याचं काम मादीसमोर मिरवण्याचं. पिल्लांची जबाबदारी त्याच्यावर नसते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या सिक्लिडचं तसं नाही. इथे नर आणि मादी जोडी जमवतात, दगड किंवा खड्डा साफ करतात, अंड्यांवर पहारा देतात आणि पिल्लं पोहू लागल्यावरही कित्येक आठवडे त्यांना सांभाळतात. पिल्लांवर टपलेल्या शत्रूला दोघांनाही हाकलायचं असतं, म्हणून दोघंही दणकट आणि दोघंही रागीट.

ज्याला आपण "आक्रमकपणा" म्हणतो तो बराचसा या पालकपणाचाच भाग आहे. निकाराग्वाच्या तळ्यात हाकललेला मासा दहा-वीस फूट लांब निघून जातो आणि प्रकरण तिथेच संपतं. चार फुटांच्या काचेच्या पेटीत त्याला जायला जागाच नसते. पुढची सगळी उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात.

फोटोवरून सांगता येतं का?

जात कोणती आणि मासा केवढा, यावर अवलंबून आहे. चार इंचांच्या आतल्या पिल्लाबद्दल कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

जॅक डेम्प्सी त्यातल्या त्यात सोपा. मादीच्या खालच्या जबड्यावर आणि कल्ल्यांच्या झाकणाच्या खालच्या भागावर निळ्या चकाकीचे भरगच्च ठिपके असतात, नराच्या त्याच जागी तुरळक. कॉन्व्हिक्ट आकाराने लहान, पण स्वभावाने याच पंगतीतला. त्याच्या मादीच्या पोटावर नारिंगी-गुलाबी छटा येते, जी नराला नसते. वुल्फ सिक्लिड म्हणजे डोव्ही. त्यात मोठा नर चंदेरी-हिरवट आणि काळ्या ठिपक्यांचा, तर मादी पिवळीधमक आणि बाजूने काळा पट्टा असलेली. जग्वारमध्ये नर मोठा आणि जास्त ठिपकेदार होतो, मादी लहान राहते आणि तिच्या अंगावर पट्ट्यांच्या खुणा जास्त टिकतात. ग्रीन टेररचा नर वयात आला की कपाळ फुगतं, पाठीचा आणि पोटामागचा पर लांब टोकदार होतो. मादी गडद, थोडी मळकट आणि बुटकी.

रेड डेव्हिल आणि मिडासमध्ये नर मोठा आणि जास्त कपाळाचा असतो एवढंच म्हणता येतं. तेही एकाच वयाचे मासे शेजारी ठेवले तरच.

ऑस्करमध्ये बाहेरून काहीही कळत नाही. रंग, डोळ्यांसारखे ठिपके, परांची लांबी, तोंडाचा आकार यांवरून सांगितलेल्या युक्त्या सोडून द्या.

माझ्या फ्लॉवरहॉर्नला मोठं हेड आहे. म्हणजे नरच ना?

बहुधा हो, पण खात्रीने नाही. फ्लॉवरहॉर्न निसर्गात कुठेच नाही; 1990 च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकन सिक्लिडच्या संकरातून तो तयार झाला. पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली ती याच उंचवट्यासाठी, ज्याला शौकीन हेड किंवा कोक म्हणतात. त्यामुळे चांगल्या वंशातल्या मादीलाही बऱ्यापैकी कोक येतो, आणि साध्या वंशातला नर आयुष्यभर सपाट कपाळाचा राहू शकतो.

ज्यांच्यापासून हा संकर आला त्या मिडाससारख्या माशांत निसर्गात हा उंचवटा कायमचा नसतो. जोडी जमण्याच्या काळात तो फुगतो, नंतर ओसरतो. टाकीत भरपूर खाणं आणि समोर सतत कोणीतरी प्रतिस्पर्धी, म्हणून तो वर्षभर टिकतो. कोक अचानक बसला तर मासा आजारी आहे का, पाणी बिघडलंय का, हे आधी बघा.

मादीच्या पाठीच्या परावर मधोमध काळा डाग असतो, असं सांगतात. अनेक वंशांत हे खरं ठरतं. काही वंशांत नरालाही तो डाग असतो, काहींत मादीलाही नसतो. परांची टोकं लांब आणि मागे शेपटीवर जाणारी असतील तर झुकतं माप नराकडे. बाजारात लवकर रंग चढवण्यासाठी पिल्लांना संप्रेरकं दिलेली असू शकतात, आणि अशा माशांत मादीसुद्धा नरासारखी दिसते. फ्लॉवरहॉर्नची मादी कधी कधी टाकीत एकटी असतानाही अंडी घालते. अंडी दिसली की मात्र वाद संपला.

पोटाखालची छिद्रं बघून ओळखतात म्हणतात, ते कसं?

त्यातल्या त्यात भरवशाची पद्धत हीच, पण मासा किमान पाच-सहा इंचांचा झाल्यावर. पोटाखाली, पोटामागच्या पराच्या अगदी पुढे दोन छिद्रं असतात. डोक्याकडचं गुदद्वार, शेपटीकडचं जननछिद्र. मादीचं जननछिद्र रुंद, गोलसर आणि गुदद्वाराएवढं किंवा त्याहून मोठं असतं. नराचं लहान आणि टोकाकडे निमुळतं.

एकट्या माशाकडे बघून "मोठं" म्हणजे किती, हे कळत नाही. एकाच जातीचे दोन-तीन मासे एकापाठोपाठ बघितले की फरक डोळ्यांत भरतो.

पकडताना जाळ्याचा मोह टाळा, कारण परांचे काटे जाळ्यात अडकतात. मासा पाण्यातच एका मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात घ्या, डब्यातलं पाणी कमी करा, ओल्या हातांनी आणि ओल्या मऊ कापडात त्याला उलटा धरा. दुसऱ्या माणसाने मोबाइलवर जवळून दोन-तीन फोटो काढायचे, आणि मासा लगेच पाण्यात. निवांतपणे बघायचं ते फोटोत. कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथेच पुढे बुरशी धरते. आदल्या दिवशी खाणं बंद ठेवा. लवंगतेलाने गुंगी देणारे अनुभवी लोक आहेत, पण मात्रा थोडी चुकली तरी मासा जातो. घरी पहिल्यांदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

अंडी घालायच्या एक-दोन दिवस आधी मात्र पकडायची गरजच पडत नाही. दोघांच्याही जननछिद्रातून एक छोटी नळी बाहेर येते: मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. ऑस्करमध्ये खात्रीची हीच एक वेळ.

ऑस्करच्या जोडीने अंडी घातली, दोन दिवसांत सगळी पांढरी पडली. काय चुकलं?

तुमच्याकडे दोन माद्या असण्याची शक्यता बरीच आहे. ऑस्करच्या दोन माद्या एकमेकींशी जोडी जमवतात, दगड साफ करतात, अंड्यांवर पहाराही देतात. अंड्यांची संख्या नेहमीपेक्षा खूप जास्त वाटली किंवा दोघींच्याही नळ्या जाड दिसल्या, तर शंका घ्या. नर असूनही पहिल्या एक-दोन वेळा अंडी वाया जाणं नेहमीचं आहे. जोडी शिकत जाते. पॅरट फिशचं वेगळं आहे. तोही संकर, आणि त्याचे नर बहुतेक वेळा वांझ असतात.

दुकानदार "कन्फर्म जोडी" म्हणून जास्त पैसे मागतो. घ्यावी का?

अंड्यांवर किंवा पिल्लांसोबत उभी असलेली जोडी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली असेल तरच. कुर्ल्याच्या बाजारात काय किंवा गल्लीतल्या दुकानात काय, एका टाकीत दोन मासे शांत आहेत एवढ्यावर ती जोडी ठरत नाही. खरी जोडीसुद्धा नव्या टाकीत गेल्यावर मोडू शकते.

टाकी किती मोठी लागेल?

पूर्ण वाढलेला मासा डोळ्यांसमोर ठेवा, पिशवीतला नको. ऑस्कर साधारण फूटभर होतो, फ्लॉवरहॉर्न आणि रेड डेव्हिल त्याच्या आसपास, जग्वारचा नर त्याहून मोठा, आणि डोव्हीचा नर दोन फुटांपर्यंत जातो.

एकट्या फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर किंवा रेड डेव्हिलसाठी 4×1.5×1.5 फूट, म्हणजे सुमारे 255 लिटर, ही किमान टाकी. 4×2×2 फूट (सुमारे 450 लिटर) असेल तर मासा आरामात वळतो आणि पाणीही जास्त काळ टिकतं. जोडीसाठी किंवा दोन-तीन वेगळ्या जाती एकत्र ठेवायच्या तर 6×2×2 फूट, म्हणजे सुमारे 680 लिटर. डोव्ही घरात ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आठ फुटांची टाकी आणि दहा-पंधरा वर्षांची तयारी असेल तर वेगळं.

उंचीपेक्षा लांबी-रुंदीला महत्त्व द्या. हे मासे जमिनीचा तुकडा राखतात, उंची राखत नाहीत. तीन फूट उंच, एक फूट रुंद शोभेची टाकी माशासाठी अरुंद बोळ आहे.

"आता छोट्या टाकीत ठेवतो, मोठा झाला की बदलू" हा बेत बहुतेक घरांत फसतो. नीट खाणारं ऑस्करचं पिल्लू सुरुवातीला महिन्याला साधारण इंचभर वाढतं. मोठी टाकी लवकर घ्यावी लागते, आणि तोवर छोटीवर पैसे घालून झालेले असतात.

फ्लॅटमध्ये सहा फुटी टाकीचं वजन झेपेल?

680 लिटर पाणी म्हणजे 680 किलो. 12 मिमी काच, स्टँड आणि दगड धरले की 850 ते 900 किलो. भारतीय मानक आयएस 875 नुसार राहत्या खोल्यांचा स्लॅब साधारण 200 किलो प्रति चौरस मीटर वापरभारासाठी धरलेला असतो, आणि ही टाकी सव्वा चौरस मीटरही जागा व्यापत नाही. म्हणून ती खोलीच्या मधोमध किंवा बाल्कनीच्या कँटिलिव्हरवर, म्हणजे खालून आधार नसलेल्या भागावर, कधीही नको. तुळईवर किंवा तुळईलगत, भिंतीला समांतर ठेवा. इमारत जुनी असेल, स्लॅबला गळती असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. तळमजल्यावर राहणाऱ्यांना ही काळजी नाही.

स्टँडच्या चारही पायांखाली नव्हे तर सलग पट्टीवर वजन पडेल असं बघा. काचेखाली थर्माकोल हवाच.

दोन पिल्लं लहानपणापासून एकत्र वाढवली तर भांडणार नाहीत ना?

भांडतील. चार-पाच इंचांपर्यंत भावंडांसारखी राहतात, वयात आली की एक दिवस सकाळी एक जण वरच्या कोपऱ्यात फाटक्या परांनी उभा दिसतो. ओळखीचा इथे उपयोग नाही. दोन नर असतील तर हे ठरलेलंच, नर आणि मादी असली तरी मादी तयार नसताना नर तिला मारू शकतो. फ्लॉवरहॉर्न आणि रेड डेव्हिल बाबतीत माझा सल्ला ठाम आहे: एक टाकी, एक मासा. तो उदास राहत नाही. माणसाला ओळखतो, काचेशी येतो, हातातून खातो, आणि त्याच्यासोबत दहा-बारा वर्षं जाऊ शकतात.

ऑस्कर तुलनेने समजूतदार. सहा फुटी टाकीत दोन किंवा पाच-सहा एकत्र वाढवून बघता येतात, पण जास्तीचे हलवायला दुसरी टाकी तयार ठेवून.

तरीही जोडी लावायची आहे. सुरक्षित मार्ग कोणता?

मध्ये आडकाठी टाकून. टाकीत जाड प्लॅस्टिकची चौकोनी भोकांची जाळी घट्ट बसवा. एका बाजूला नर, दुसऱ्या बाजूला मादी. दोघं एकमेकांना बघतील, कल्ले फुगवतील, शेपटीने पाणी मारतील. काही आठवड्यांनी दोघांचा सूर बदलला, मादी जाळीलगतचा दगड साफ करू लागली, तिची नळी दिसू लागली, की अर्धं काम झालं.

पुढे दोन वाटा. जाळी काढून समोर बसून लक्ष ठेवायचं, ही एक. दुसरी, आणि मला जास्त पटणारी, म्हणजे जाळी काढायचीच नाही. मादी जाळीजवळ अंडी घालते, नर पलीकडून शुक्राणू सोडतो, आणि पाण्याचा प्रवाह नराच्या बाजूकडून मादीकडे असेल तर अंडी फलित होतात. जाळी सच्छिद्र असूनही नाक खुपसता येणार नाही अशी हवी, आणि वरून उडी मारता येऊ नये म्हणून झाकणापर्यंत जायला हवी.

त्याआधी हा विचार करा की शेकडो पिल्लांचं करणार काय. त्याचं उत्तर नसेल तर जोडी लावू नका.

खरं भांडण कोणतं आणि नुसता दम कोणता?

पर ताठ, कल्ल्यांची झाकणं उघडी, रंग गडद, एकमेकांना समांतर राहून शेपटीने फटके: हा दम. तोंडात तोंड अडकवून ढकलाढकली ही ताकद आजमावणं, आणि जोडी जमतानाही ती होते. पण हरलेला मासा पर मिटून, फिका पडून मागे हटल्यावरही दुसरा पाठलाग थांबवत नसेल, तर तासभरही वाट बघू नका. खवले उडालेले, डोळ्याला इजा, फिल्टरच्या मागे किंवा पाण्याच्या पृष्ठभागाशी तिरका उभा मासा, म्हणजे वेळ निघून चालली आहे.

वेगळं करताना मार खाणाऱ्याला बाहेर काढायची सवय असते. त्याला उपचार हवे असतील तर काढाच, पण टाकी एकत्रच चालवायची असेल तर दांडगाई करणाऱ्याला काही दिवस बाहेर ठेवा, दगड-लाकडांची जागा बदला, मग त्याला परत सोडा. आपला मुलूख हरवला की त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

सोबत कोणते मासे चालतील?

एकट्या फ्लॉवरहॉर्नसोबत कोणीही नको. ऑस्करसोबत मोठ्या टाकीत सिल्व्हर डॉलरचा थवा, टिनफॉइल बार्ब, मोठा सेव्हेरम हे जमतं. तोंडात मावेल तो मासा खाद्य ठरतो. गोल्डफिश सोबत नको आणि खाद्य म्हणूनही नको: त्यात थायमिनेज असतं, जे ब1 जीवनसत्त्व नष्ट करतं, आणि बाजारातले स्वस्त मासे रोग घेऊन येतात. चांगल्या गोळ्या, कोळंबी, अधूनमधून वाफवलेला वाटाणा पुरेसा आहे.

नुसता आकार जुळवणं पुरेसं नाही. बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जॉर्ज बार्लो यांनी मिडास सिक्लिडवर दीर्घकाळ संशोधन केलं. सारख्याच आकाराच्या सोनेरी आणि करड्या माशांत सोनेरी मासा वरचढ ठरतो, असं त्यांना आढळलं. रंगाचासुद्धा दरारा असतो.

टाकीत सजावट काय करू?

कमीत कमी. हे मासे खणतात, उपटतात, ढकलतात. मोठे गुळगुळीत नदीतले दगड ठेवा, आणि ते वाळूवर न ठेवता आधी तळाच्या काचेवर पातळ चटई टाकून त्यावर, मग भोवती वाळू. वाळूवर ठेवलेला दगड खालून पोखरला गेला की काचेवर कोसळतो. काचेचा हीटर हा चिडका मासा फोडू शकतो, म्हणून तो सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरसाठी खाली ठेवलेल्या वेगळ्या टाकीत, घ्या किंवा त्याला जाळीचं आवरण लावा. झाकण जड हवं. ऑस्कर उडी मारतो.

आपल्याकडच्या पाण्यात आणि उन्हाळ्यात हे टिकतात का?

टिकतात. मध्य अमेरिकन मासे जड पाण्यातले, त्यांना बोअरचं पाणीही मानवतं. मुंबईच्या नळाचं मऊ पाणी ऑस्करला जास्त जवळचं. दोघांनाही मारतं ते अस्वच्छ पाणी. एवढा मोठा मासा भरपूर अमोनिया सोडतो, आणि पाणी गरम व अल्कधर्मी असेल तर तोच अमोनिया जास्त विषारी होतो. नवी टाकी चार ते सहा आठवडे चालवून, फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू बसल्यावरच मासा सोडा. मग दर आठवड्याला 40 ते 50 टक्के पाणी बदला, नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन टाकून. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ होतं आणि क्लोरीनचा डोस वाढतो, तेव्हा हे अजिबात चुकवू नका.

नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात टाकीतलं पाणी 32 अंशांच्या वर सहज जातं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसातच. वरून पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. विदर्भाच्या कोरड्या हवेत हा उपाय छान चालतो, कोकणातल्या दमट हवेत कमी. खाणं निम्म्यावर आणा, हवेचा पंप वाढवा.

लोडशेडिंगसाठी बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) कित्येक तास बंद पडला असेल तर आतलं कुजकं पाणी आधी ओतून द्या, मगच सुरू करा.

एवढ्या रागीट माशांपेक्षा आपल्याकडचा एखादा सिक्लिड नाही का?

आहे, आणि त्याचा विचार फार कमी लोक करतात याचं मला वाईट वाटतं. भारतात सिक्लिडच्या फक्त तीन मूळ जाती आहेत. त्यातला एक म्हणजे केरळचा करीमीन, गोव्यात ज्याला काळुंदर म्हणतात. तो खाडीतला, निमखाऱ्या पाण्यातला मासा, थव्याने राहणारा. त्यातही नर-मादी बाहेरून कळत नाहीत, आणि त्यालाही मोठी टाकी लागते, पण तो शेजाऱ्याचा जीव घेत नाही.

आता सांभाळणं जमत नाही. तलावात सोडून देऊ का?

नाही. कोणत्याही परिस्थितीत नाही. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचं माटानो सरोवर जगात इतरत्र न सापडणाऱ्या माशांचं घर आहे. तिथे कोणीतरी सोडलेले फ्लॉवरहॉर्न आता सरोवरभर पसरले आहेत आणि स्थानिक माशांवर ताव मारत आहेत. फ्लोरिडाच्या कालव्यांत ऑस्कर आणि जग्वार असेच पोचले. आपल्याकडे उजनीच्या जलाशयातली चिलापी, म्हणजे तिलापिया, हीसुद्धा आफ्रिकेतून आलेली सिक्लिडच, आणि तिने तिथल्या मूळ माशांची जागा कशी घेतली हे भिगवणच्या मच्छीमारांना विचारावं. अंड्या-पिल्लांवर पहारा देणाऱ्या या माशांपुढे पहारा न देणारे आपले मासे टिकत नाहीत.

ज्या दुकानातून घेतला तिथे परत द्या, अनेक दुकानदार मोठा मासा फुकट घेतात. मोठी टाकी असलेला शौकीन शोधा, टाकीचे आणि फिल्टरचे फोटो मागवा, मगच द्या. कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग किंवा शाळेतली मोठी टाकी चालत असेल तर विचारून बघा. नेताना खाणं एक दिवस बंद, जाड दुहेरी पिशवी किंवा झाकणाची बादली, आणि सोबत त्याच्या जुन्या फिल्टरमधला स्पंजचा एक तुकडा द्या.